ह्याचा फ्यूज कुठं हाय?

मी मुळात भांडखोर माणूस नाही. गेली बावीस वर्षं मी बँकेत कौंटरच्या आतल्या बाजूला बसतो, आणि आतल्या बाजूच्या माणसाला भांडण उकरून काढायची गरजच पडत नाही. बाहेरची मंडळी ती व्यवस्था घरून करून येतात. पासबुक छापायचं मशीन बंद आहे म्हणून माझ्या सात पिढ्यांचा झालेला उद्धार मी शांतपणे ऐकला आहे आणि वर "पुढचे या" असं म्हटलेलं आहे. पण आज मी भांडणार आहे. बाह्या वर करून, पदर खोचून (पदर नसला म्हणून काय झालं!) भांडणार आहे. आणि कशावरून? तर मोटारीत जादा दिवे बसवताना ओढायच्या वायरीवरून.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने विजेच्या तारांना हात घालू नये, असं तुम्ही म्हणाल. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझंही तेच मत होतं. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. घरातला बल्ब बदलायचा झाला तर मी स्टुलावर चढतो, सौ. स्टूल धरते आणि आई मेन स्विचपाशी पहाऱ्याला उभी राहून दर दहा सेकंदांनी "झालं का रे?" असं विचारते. एका बल्बाला तीन माणसं लागतात. पण मग अशी एक गोष्ट घडली की तेव्हापासून मी कुठल्याही मोटारीत बसण्याआधी तिच्या बॉनेटकडे संशयाने बघतो, कर्जदाराच्या पगारपत्रकाकडे बघतो तसा.

झालं असं की, मी स्टाफ लोन काढून एक सेकंडहँड मोटार घेतली. छोटी, पांढरी, चार दारांची. कर्ज फिटेपर्यंत ती बँकेकडे तारण. म्हणजे नावाला मालक मी आणि खरी मालकीण बँक. एवढं ध्यानात असू द्या, कारण पुढे मी जे काही पेटवलं ते माझ्याच बँकेचं पेटवलं, आणि त्या कर्जाचे कागद तपासणारे गृहस्थ माझ्या शेजारच्या टेबलावर बसून रोज माझ्याच डब्यातली भाजी खातात.

गुळाच्या ढेपेचा पत्ता मुंगळ्यांना कळवावा लागत नाही. मोटार दारात लागली त्याच संध्याकाळी मेव्हणा आला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि हळहळला.

"दाजी, फॉग लॅम्प नाहीत हो हिला!"

"अरे, साताऱ्यात कुठं आलंय धुकं?"

"महाबळेश्वरला जायचं झालं तर?"

"आम्ही वर्षातून एकदा जातो महाबळेश्वरला," सौ. आतून म्हणाली, "आणि तेही तुझे सासरचे आले की. त्यांच्याच गाडीला लाव की दिवे."

सौ.चं म्हणणं बिनतोड होतं. बिनतोड म्हणण्याकडे आमच्या घरात दुर्लक्ष करण्याची प्रथा आहे. त्या रविवारी मी आणि मेव्हणा मोटारींच्या नट्टापट्ट्याच्या दुकानात हजर झालो. ही दुकानं तुम्ही पाहिली असतील. बाहेर सीट कव्हरं लोंबत असतात, आत डॅशबोर्डावर बसवायचे गणपती एका रांगेत आणि रिव्हर्सला वाजायची गाणी दुसऱ्या रांगेत. कारागीर विशीतला. कानावर स्क्रूड्रायव्हर, आमच्याकडे जुन्या पिढीतले हेडक्लार्क पेन्सिल ठेवायचे तसा. त्याने पंचावन्न वॅटचे दोन पिवळे दिवे दाखवले आणि एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मी अक्षरशः लिहून ठेवतो, कारण ह्या खटल्यातला मुख्य पुरावा तोच आहे.

"साहेब, किट घालून बसवू का डायरेक्ट? किटमध्ये रिले येतो, फ्यूज येतो, वायर जाड येती. सातशे जास्त पडतील."

"आणि डायरेक्टमध्ये?"

"दिवे तेवढेच लागत्यात."

दिवे तेवढेच, पैसे सातशे कमी! ह्यासाठी तर मी बी.कॉम. झालो होतो. मी मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एका सुरात "डायरेक्ट" म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, तर बसवायच्या मजुरीतूनही पन्नास रुपये कमी करून घेतले. त्या पोराने दाताने वायर सोलली, बॅटरीच्या अधिक टोकाला गुंडाळली, इंजिन आणि डॅशबोर्ड ह्यांच्या मधल्या पत्र्यात आयतं एक भोक होतं त्यातून आत ओढली, स्टिअरिंगखाली एक इवलासा स्विच बसवला आणि तिथून वायर परत दिव्यांकडे नेली. सगळ्या जोडांवर काळी टेप. चाळीस मिनिटांत काम फत्ते. कळ दाबली आणि समोरची भिंत हळदीच्या समारंभासारखी पिवळीधमक झाली. मला कृतकृत्य वाटलं.

चार-सहा दिवसांनी सौ. म्हणाली, "अहो, हा स्विच गरम लागतोय."

"इंजिनाजवळ आहे. गरम लागणारच."

हे मी कुठल्या ज्ञानाच्या आधारावर म्हणालो, ते विचारू नका. नवऱ्याने मोटारीविषयी जे बोलायचं असतं ते ज्ञानाच्या आधारावर बोलायचं नसतं. पुढे थंडी पडायला लागल्यावर तर मी त्या स्विचवर बोटं शेकवून घेत असे आणि ह्या जादा सोयीचे दुकानदाराने पैसे लावले नाहीत म्हणून मनात त्याला धन्यवाद देत असे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही पुण्याहून परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ. मागच्या सीटवर आई आणि आमची सहा वर्षांची मुलगी, दोघीही झोपलेल्या. खंबाटकीचा घाट चढताना मी मोठ्या रुबाबात पिवळे दिवे लावले. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला सौ. म्हणाली, "कसला हो वास? रबर जळल्यासारखा?" मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचा असेल." आणि तेवढ्यात माझ्या गुडघ्यापाशी, स्टिअरिंगच्या खालून, उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक रेघ वर आली. मग ती रेघ राहिली नाही. गाडीभर धूर झाला.

मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली काढली. किल्ली काढली की मोटार बंद होते, एवढं मला माहीत होतं. मोटार बंद झाली. धूर बंद झाला नाही. स्विच बंद केला. तरी नाही. मी हातात किल्ली धरून त्या धुराकडे बघत राहिलो. लेजर बंद करून, कुलूप लावून घरी निघावं आणि आत नोंदी आपल्या आपण चालूच राहाव्यात, तसा प्रकार होता तो. सौ. उडी मारून उतरली. मागची दोन्ही दारं आतून उघडेनात, कारण पोरगी चालत्या गाडीत दार उघडते म्हणून त्यांचा चाइल्ड लॉक मीच लावून ठेवला होता. सौ.ने बाहेरून दार उघडलं, पोरीला अक्षरशः ओढून काढलं, मग आईला. आई पायात चप्पल शोधत होती. "आई, चप्पल राहू दे!" असं मी आईवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो.

मागून येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, हातात पाना आणि पक्कड घेऊनच. "व्हा बाजूला," म्हणाला. बॉनेट उघडून त्याने फडक्याने हात गुंडाळला आणि बॅटरीचं एक टोक ढिलं करून काढलं. धूर विरत गेला. मग बॅटरी धरून त्या वायरीमागे बोट फिरवत तो पत्र्याच्या भोकापर्यंत गेला, तिथे थबकला, टॉर्च मारला आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"साहेब, ह्याचा फ्यूज कुठं हाय?"

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर तीन वेळा इन्स्पेक्शन बसलं आहे. इतक्या साध्या प्रश्नाला इतकं निरुत्तर मी कधी झालो नव्हतो. सातशे रुपये वाचवून मी तो दुकानातच ठेवून आलो होतो. बायकामाणसं मागून आलेल्या एस.टी.ने साताऱ्याला गेली. मी त्या अर्धवट भाजलेल्या मोटारीत टोइंगवाल्याची वाट बघत बसलो. विचार करायला भरपूर वेळ होता. बाहेर धुकंही पडलं होतं.

आमच्या कॉलनीत एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांना गॅरेजवर घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, ती वायर चिमटीत धरली आणि विचारलं, "घरातल्या गिझरला दाराच्या बेलची वायर लावशील का रे?"

"छे!"

"मग इथं काय लावलीस?"

हिशेब त्यांनी मला मोटारीच्या बॉनेटवर खडूने मांडून दाखवला. पंचावन्न वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार करा : नऊ अँपिअरच्या वर. आता घरात २३० व्होल्टवर नऊ अँपिअर म्हणजे किती? दोन किलोवॅटचा गिझर! वायरीला व्होल्ट कळत नाहीत. ती तापते ती अँपिअरने. "बारा व्होल्टचा तर आहे, त्याचा शॉक तरी बसतो का?" असं म्हणून आपण ज्या बॅटरीला चिल्लर समजतो, तिच्या वायरीतून गिझरएवढा प्रवाह जात असतो. आणि तापण्याचा हिशेबही सरळव्याजाचा नाही. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. चक्रवाढ व्याजसुद्धा माणसाला इतक्या घाईने बुडवत नाही. तो स्विच गरम का लागत होता, हे मला तेव्हा कळलं. त्या बापड्याची ऐपत तीन-चार अँपिअरची, आणि मी त्याच्यावर बोटं शेकवत होतो.

"पण पेटलं ते त्याने नाही," काका म्हणाले, "पेटलं ते भोकाने." पत्र्याच्या त्या भोकाला रबराची बोंडी नव्हती. रबराची एक गोल कडी असते, ग्रोमेट म्हणतात तिला, दहा-वीस रुपयांना मिळते. ती नसली की पत्र्याची धार गाडीच्या थरथरण्यासरशी वायरीचं कातडं रोज थोडंथोडं कापत राहते. घाटात ते पुरतं कापलं गेलं आणि आतली तांब्याची तार उघड्या पत्र्याला टेकली.

इथे मात्र माझं वाणिज्य कामाला आलं. बॅटरीच्या अधिक टोकातून जेवढा प्रवाह निघतो तेवढाच वजा टोकात परत यावा लागतो. जमा आणि नावे, पैचा फरक चालत नाही. मोटारीत ही परतीची वाट म्हणजे तिचं सगळं पत्र्याचं अंग. त्यामुळे अधिक टोकाची तार पत्र्याला कुठेही टेकली की रक्कम दिव्याला न भेटता परस्पर जमा! मधे कुणी अडवणारच नाही. मग किती प्रवाह जाणार? जितका बॅटरीत असेल तितका. स्टार्टरला शंभराच्या वर अँपिअर सहज देणारी ती बॅटरी, तिने बेलच्या वायरीत तेवढा ओतला तर ती वायर शेगडीच्या तारेसारखी लाल होणार नाही तर काय होईल? आणि किल्ली काढून का थांबलं नाही, स्विच बंद करून का थांबलं नाही, तेही उलगडलं. किल्ली आणि स्विच ह्या दोन्ही गोष्टी त्या भोकाच्या पलीकडे होत्या. चोरी तिजोरीच्या दारातच झाली होती, आणि मी शाखेचं शटर ओढत होतो.

आता फ्यूज म्हणजे काय ते ऐका, कारण भल्याभल्यांचा इथे गैरसमज आहे. माझाही होता. आपल्याला वाटतं, फ्यूज हा दिव्याचं रक्षण करायला असतो. दिवा दीडशे रुपयांचा, त्याला कशाला अंगरक्षक? तर तसं नाही. फ्यूज असतो तो वायरीसाठी. आमच्याकडे प्रत्येकाला सहीची मर्यादा असते. मला अमुक रकमेपर्यंत, ऑफिसरला तमुक, मॅनेजरला त्याच्या वर. मर्यादेबाहेरची रक्कम आली की हात आखडायचा. फ्यूज हा असाच एक मर्यादा सांभाळणारा कारकून. फरक एवढाच की, मर्यादा ओलांडली की आम्ही वरिष्ठांना विचारतो आणि तो प्राण देतो. म्हणूनच त्याची नेमणूक बॅटरीच्या अगदी बगलेत करायची, वीतभर अंतराच्या आत. काहीजण तो दिव्याजवळ बसवतात. म्हणजे बँकेचा वॉचमन पुढच्या चौकात उभा करायचा.

आणि रिले? रिले म्हणजे तर साक्षात आमचा मॅनेजर. मॅनेजर स्वतः तिजोरीतून पोती उचलून आणत नाही. तो एक बारीकशी सही करतो आणि स्ट्राँगरूममधून रक्कम हलते. रिलेचं तसंच. डॅशबोर्डावरच्या नाजूक स्विचने नुसती सही करायची, म्हणजे नखाएवढा प्रवाह ८५ आणि ८६ नंबरच्या पायांतून जाऊ द्यायचा. जड प्रवाह बाहेरच्या बाहेर ३० नंबरच्या पायातून ८७ नंबरच्या पायाला. तो डॅशबोर्डात येतच नाही. इतकी सुबक कार्यपद्धती आमच्या बँकेच्या कुठल्याच सर्क्युलरमध्ये नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर माझं भांडण त्या दुकानातल्या पोराशी असेल, असा तुमचा समज होईल. अजिबात नाही. मेव्हण्याने त्याला धडा शिकवायला जायचा बेत केला होता. मी हात धरून बसवलं. त्या पोराने दोन्ही भाव सांगितले होते. गरम स्विचचा सुगावा सौ.ने दिला होता. जाणतं सगळं जग होतं. पैसे द्यायला नाही म्हणणारा एकटा मी होतो. माझं भांडण आहे ते माझ्याशी, आणि (रागावू नका) तुमच्याशी. जे दिसतं त्याला पैसे मोजायचे आणि जे पत्र्याआड राहतं त्यातून पैसे कापायचे, ही जी आपणा पांढरपेशा मंडळींची खानदानी रीत आहे, तिच्याशी. घर बांधताना फरशीच्या रंगासाठी आपण चार गावची दुकानं पालथी घालतो आणि भिंतीतली वायर कुठली घालायची हे "तुम्हीच बघा हो" म्हणून कंत्राटदारावर सोपवतो. मोटारीला आठ हजारांची सीट कव्हरं घालतो. त्यावर कुणी घासाघीस करत नाही, कारण ती पाहुण्यांना दाखवता येतात. फ्यूज पाहुण्यांना कसा दाखवणार? "या, बसा, चहा घ्या, हा आमचा फ्यूज"?

आणि ही रीत खरंच खानदानी आहे. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात चिनी मातीचे पांढरे फ्यूज होते. त्यात तार घालायची असे. फ्यूज सारखा जातो म्हणून वडिलांनी एकदा वैतागून तिथे चांगली पीळ दिलेली जाड तार घातली. त्यानंतर आमचा फ्यूज म्हणून कधी गेला नाही. पुढे एका पावसाळ्यात भिंतीतलं सगळं वायरिंग गेलं, पण फ्यूज शाबूत. वडील तो लोकांना अभिमानाने दाखवत. त्याच वडिलांचा मी मुलगा. हल्ली मोटारीत चपट्या रंगीत फ्यूजांची सोय आहे. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तिसाचा. निरक्षरालासुद्धा चुकता येऊ नये. तरीही आपण चुकून दाखवतो. दहाचा जातो म्हणून तिथे तिसाचा बसवणारे आहेत. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे आहेत. वायर तीच, कारकून तोच, आणि त्याची सहीची मर्यादा मात्र तिप्पट! बँकेत कुणी असं केलं तर तो निलंबित होतो. रस्त्यावर त्याला "डोकेबाज" म्हणतात.

ह्या डोकेबाजपणाला हल्ली "जुगाड" असं एक कौतुकाचं नाव मिळालं आहे. आडरानात पट्टा तुटला, जवळ काही नाही, आणि एखाद्याने सुतळीने काम भागवून माणसं घरी पोचवली, तर मी त्याच्या पाया पडेन. पण कोपऱ्यावरच्या दुकानात दहा रुपयांना फ्यूज मिळत असताना तिथे चांदी गुंडाळणं हा जुगाड नव्हे, कद्रूपणा आहे. "इतकी वर्षं चालतंय की, काय झालं?" असं म्हणणारे मला रोज भेटतात. थकलेल्या कर्जाचं खातंसुद्धा बुडेपर्यंत चालतच असतं, एवढंच मी त्यांना सांगतो.

उलट टोकाचीही मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं, "कंपनीने दिलंय त्याला हातच लावू नये." हे मला पटत नाही. धुक्यात, पावसात, दिवे नसलेल्या घाटात जास्तीचा उजेड ही चैन नाही. लावा की. हवे ते लावा, फक्त कायद्यात बसणारं लावा. मेव्हण्याच्या गाडीला सात सुरांचा हॉर्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम असल्या अनेक सुरांच्या हॉर्नला सरळ मनाई करतो, हे मी त्याला वाचून दाखवलं, तर त्याने तो हॉर्न मारून दाखवला. हेडलाइटमध्ये मूळचा ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० चा ठोकणारे तर दुहेरी गुन्हेगार. समोरच्याला आंधळं करतात आणि स्वतःचा प्लॅस्टिकचा होल्डर वितळवतात.

"आता एलईडी दिवे आले, ते कुठं एवढा करंट खातात? त्यांना कशाला फ्यूज?" हा नवा युक्तिवाद. माझ्या पोरीचाही हाच होता, आणि तिने विज्ञान शाखा घेतली आहे. अगं, तार पत्र्याला टेकल्यावर किती प्रवाह जायचा हे दिवा ठरवतो का बॅटरी ठरवते? शंभर रुपये काढायला आलेल्या माणसाने तिजोरी उघडी पाहिली, तर शंभरच घेऊन जाईल का?

शिवाय आताच्या मोटारींत वायरी नुसती वीज वाहत नाहीत, निरोपही वाहतात. कुठली तरी वायर बघून तिला नख लावून आपला डोअरलाइट जोडला की डॅशबोर्डावर नाही नाही ते दिवे लागतात. पिवळ्या वेष्टणातल्या आणि पिवळ्या कनेक्टरच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना तर नमस्कार करून दूर व्हायचं. आणि चोवीस तास चालणारा कॅमेरा थेट बॅटरीवर जोडलात, तर तो बिचारा पावभर अँपिअर खाईल; दिसायला काहीच नाही. पण छोट्या गाडीची पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी हिशेबाने सहा दिवसांत साफ, आणि गाडी चालू होईनाशी व्हायला तर त्याच्याही आधी. आमच्या बँकेचे एसएमएस चार्जेस असेच कापले जातात. खातेदाराला कळतं ते थेट चेक परत आल्यावर.

काकांनी मला पुन्हा दिवे बसवून दिले. ह्यावेळी वायर अडीच स्क्वेअर एमएमची, घरच्या पॉवर प्लगला घालतात तेवढी जाड. बॅटरीपाशी पंधराचा निळा फ्यूज. जोड पिळून नव्हे, लग दाबून, कारण ती काळी टेप इंजिनच्या उष्णतेने चिकट होऊन सुटते. अर्थिंगच्या जागी पत्र्याचा रंग खरवडून नट आवळलेला. भोकाला रबराची कडी. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी बॅटरीचं वजा टोक आधी काढायला लावलं. अधिक आधी का नाही, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पाना चुकून पत्र्याला टेकला तर पुन्हा दिवाळी करायची आहे का?" एवढं सगळं व्हायला अख्खा रविवार गेला. चाळीस मिनिटं नाहीत. मजुरी विचारली तर म्हणाले, "माझ्या पेन्शन खात्याचं पासबुक तेवढं छापून आण." मशीन बंद होतं, तरी मी शेजारच्या शाखेत जाऊन छापून आणलं.

मोटारीची दुरुस्ती किती आली ते मी सांगणार नाही. सौ. अजून तो आकडा सातशेने भागून दाखवते.

परवा पोरगी गाडी शिकायला लागली म्हणून पुढे कॅमेरा बसवावा असं ठरलं. मी, सौ. आणि पोरगी, तिघं दुकानात गेलो. दुकानदार कॅमेरे काढायला लागला. मी म्हटलं, "कॅमेरा मागाहून. आधी फ्यूज होल्डर दाखवा." तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, एवढ्या वर्षांत फ्यूज मागून घेणारं गिऱ्हाईक पहिलंच बघतोय." माझी छाती फुगली. पोरीने सुद्धा आदराने वर पाहिलं. त्याने आतून शोधून, धूळ झटकून एक होल्डर काढला, दोन फ्यूज काढले आणि कागदात बांधले.

"किती?"

"फ्यूज धरून साठ."

"पन्नासला होईल का?" मी म्हणालो, आणि सौ.ने माझ्या पायावर पाय दिला.